लागू न पडणारी गोळी

मंगळवार, ४ तारीख

दादा,

‘तीर्थरूप दादास, साष्टांग नमस्कार’ असं लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. सहा वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही, आणि त्याआधी जे शेवटचं बोललो त्यात नमस्काराला जागा नव्हती. तेव्हा मायना राहू दे.

वहिनी आज माझ्या लॅबमध्ये आल्या होत्या. आधी फोन नाही, निरोप नाही. दारावरच्या माणसानं कळवलं, “तुमच्या घरून कुणीतरी आलंय.” मला वाटलं, आईचं काही झालं. हातमोजे तसेच घालून मी जिना उतरले. वहिनी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, “वन्सं, किती बारीक झालात.” मी मुळीच बारीक झालेले नाही. मग माझी नोकरी, माझं घर, जवळ भाजी बरी मिळते का, सगळं विचारून झालं. शेवटी मीच म्हटलं, “वहिनी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? काय झालंय ते सांगा.”

त्या म्हणाल्या, “ह्यांचं लिव्हर गेलं.”

वीज गेली म्हणावं तसं. मग हळूहळू बाकीचं आलं. पोटात पाणी झालंय, डोळे पिवळे पडलेत, परवा भरदुपारी तू स्वतःच्याच घरात न्हाणीघर शोधत फिरलास. डॉक्टर म्हणतात, आता दुसऱ्या कुणाचं तरी लिव्हर लावायचं, एवढाच इलाज. वहिनींचा रक्तगट जुळत नाही, आईचं वय झालं, लेक अजून शाळेत आहे. मग उरलं कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या हातमोज्यांकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही तर लिव्हरचंच काम करता ना.”

शिंप्याला ‘तुम्ही कपड्यांचंच काम करता ना’ असं म्हणून त्याच्या अंगातला सदरा मागावा, तसं झालं हे. पण त्यांच्या डोळ्यांखाली इतकं काळं पडलं होतं की मी गप्प बसले.

मी काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस. ‘आमची धाकटी उंदरांची डॉक्टर आहे’ एवढंच सगळीकडे सांगायचास. आता सांगते, कारण तू आडवा पडलेला आहेस आणि उठून जाणार नाहीस. आमच्या थंडगार कपाटात बोटाएवढ्या कुप्या असतात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं टोपण. एकीत उंदराच्या लिव्हरचा अर्क, एकीत कुत्र्याच्या, माकडाच्या, डुकराच्या, माणसाच्या. शाळेत आपण ज्यांना विकर म्हणून घोकलं ती एन्झाइम त्यात असतात, औषध मोडून त्याची विल्हेवाट लावणारी. नवं औषध आलं की ते प्रत्येकीत थोडं थोडं घालायचं, अंगाच्या उबेइतक्या पाण्यात हलत ठेवायचं आणि कोण किती लवकर त्याचा फडशा पाडतं ते बघायचं. उंदीर सगळ्यांत हावरट. कुत्र्याला काही औषधं मोडताच येत नाहीत. माकड माणसासारखं दिसतं म्हणून फसवतं. डुक्कर पुष्कळदा आपल्या अगदी जवळ येतं, पण हे कुणाला सांगायला जाऊ नये.

आणि माणसाची कुपी एका माणसाची नसते. पन्नास जणांचं एकत्र करून, घुसळून ती बनवतात, म्हणजे कुणा एकाची तऱ्हा त्यात दिसत नाही. बाहेर फक्त ‘माणूस’ लिहिलेलं असतं. त्या माणसात मी बसत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणजे मी सांगितलं होतं. तू ऐकलं होतंस की नाही, ते तूच जाणे.

वहिनींना मी म्हटलं, “बघते.”

शुक्रवार, ७ तारीख

दादा,

‘बघते’ म्हटलं त्याचं घरात ‘हो’ झालं आहे. मी हो म्हटल्याचं मला सर्वांत शेवटी कळलं.

बुधवारी सरांकडे रजा मागायला गेले तर त्यांनी मागायच्या आधीच दिली. वहिनी खाली दारावरच्या माणसाशी बोलल्या होत्या, त्यानं सगळ्या मजल्यांना सांगितलं. सर उभे राहिले, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “असा जीव लावणारी भावंडं हल्ली कुठं राहिलीत?” त्यांच्या टेबलाशी आणखी दोघं उभे होते, त्यांचेही डोळे भरलेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी आई माझ्या घरी आली आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागली. आता मी तिच्याकडे आहे, आपल्या जुन्या खोलीत. खिडकी अजून उघडत नाही. तू ती रंगवलीस तेव्हा फटीसुद्धा रंगानं भरून टाकल्या होत्यास, आठवतं? बाबा म्हणाले होते, “वा, आता चोर यायचा नाही आणि वाराही.” मी काल सुरी घेऊन रंग खरवडत बसले होते. आईनं येऊन सुरी काढून घेतली. “हाताला लागलं तर? ऑपरेशनआधी जखम चालत नाही म्हणे.”

माझ्या ताटातलं तळलेलं ती काढून घेते. सकाळी वजनकाट्यावर उभी करते आणि आकडा वहिनींना फोनवर सांगते. हॉस्पिटलमध्ये रक्त दिलं, फोटो काढले, एका बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. आतून मी विचारलं, “अजून किती वेळ?” बाहेरची मुलगी म्हणाली, “हलू नका.” लिव्हर छान आहे म्हणतात. तिथला डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाला, “एकदम आदर्श.” आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आदर्श म्हटलं, तेही आत बघून.

आई एका शब्दानं ‘देशील का’ असं विचारत नाही. विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. ती फक्त तुझ्याविषयी बोलते, तेही तू लहान होतास तेव्हाचं. काल मांजराची गोष्ट निघाली.

तुला ती आठवते का? जिन्याखालचं ते पांढरं मांजर, तुझं लाडकं. पाय दुखावून आलं, ओरडत होतं. आई आपल्याला ताप आला की जी गोळी द्यायची, तिच्यातली अर्धी तू दुधात कालवून त्याला पाजलीस. स्वतःच्या वाटणीच्या दुधात. दोन दिवसांत ते गेलं. तू म्हणालास, शेजारच्यांनी काहीतरी घातलं, आणि आई आजही तेच सांगते. मी कॉलेजात गेल्यावर वाचलं की ती गोळी मोडायला लागणारं एन्झाइम मांजराकडे जवळजवळ नसतंच. माणसाला उतारा, मांजराला विष. मी धावत घरी आले होते तुला सांगायला. दारात तुझी नवी मोटरसायकल होती आणि तू तिला पुसत होतास. मी सांगितलं नाही. तू मायेनं दिली होतीस, आणि मला वाटलं, हे सांगून कुणाचं भलं होणार आहे?

पुढं मी या धंद्यात पडले त्यात त्या मांजराचा वाटा आहे. हे सरांना सांगितलं तर ते भाषणात घालतील, म्हणून सांगत नाही.

सोमवार, १० तारीख

दादा,

आज काउन्सेलर बाईंनी मला एकटीला बोलावलं. वहिनी आत यायला निघाल्या तर बाईंनी त्यांना गोड हसून बाहेरच थांबवलं. छोटी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर रुमालांचा डबा. रडायची सोय आधीच करून ठेवलेली.

त्या म्हणाल्या, “तुम्ही मनापासून देताय का?”

मी म्हटलं, “हो.”

“भावाशी संबंध कसे आहेत?”

“चांगले आहेत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, या खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही. तुम्हाला नको असेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तुमचं लिव्हर त्यांना चालण्यासारखं नाही. कारण विचारलं तरी सांगत नाही. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला कळवा.”

दादा, आठवडाभर मी सुटायची वाट शोधत होते, आणि ही बाई दार उघडून उभी होती. धन्यवाद म्हणून बाहेर पडायला हवं होतं. मी तिथंच बसून राहिले. आता माझ्यावर लादलंय असंही म्हणता येणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

‘चांगले आहेत’ म्हणाले, ते खोटं होतं. काय सांगायला हवं होतं? बाबांच्या हाडांत दुखणं गेलं तेव्हा डॉक्टर तुझा मित्र होता, औषधं तू आणायचास, वेळेवर द्यायचास, त्यात कसूर नाही. पण ती वेदनेची गोळी त्यांना लागू पडत नव्हती. मी सांगितलं, ही गोळी माझ्यावरही चालत नाही, आमच्या लॅबनं सगळ्यांच्या थुंकीची तपासणी केली तेव्हा तिला कामाला लावणारं एन्झाइमच माझ्यात नाही असं निघालं. बाबांचंही तसंच असणार, गोळी बदला. तू म्हणालास, “दुसरी कडक असते, तिची सवय लागते. तू तुझ्या उंदरांचं बघ, माणसांचं आम्ही बघतो.” बाबा कण्हायचे आणि तू त्यांचे पाय दाबत म्हणायचास, “बाबा, एवढं काही नाहीये. मनाला लावून घेऊ नका.” पुढं पुढं त्यांनी कण्हणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तुला वाटलं, उतार पडला.

ते गेल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, मी तुला म्हटलं, “तू त्यांना दुखत ठेवलंस.” त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मीही नाही.

हे मी बाईंना सांगितलं असतं तर त्यांनीच मला घरी पाठवलं असतं. म्हणून सांगितलं नाही. म्हणजे मला सुटायचं होतं आणि नव्हतंही, असं काहीतरी.

बाहेर आले. वहिनींनी विचारलं, “काय म्हणाल्या?” मी म्हटलं, “नेहमीचंच.” त्यांनी माझा हात धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. मायेनं धरला की पळू नये म्हणून, ते मी ठरवू शकले नाही.

मंगळवार, ११ तारीख

दादा,

आज तुला बघितलं. सहा वर्षांनी. तू पिवळा पडला आहेस आणि दाढी पांढरी झाली आहे. बाबांसारखा दिसतोस, हे मला नको होतं.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, लिव्हर साफसफाई करत नाही म्हणून नको ते सगळं डोक्यात चढलंय, माणसं ओळखणार नाहीत. वहिनी म्हणाल्या, “अहो, बघा कोण आलंय.” तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, “नाटके, हात दुखतोय का अजून?”

वहिनींना वाटलं, तू बरळतोयस. त्यांना काय माहीत. लहानपणी मी भिंतीवरून पडून हात मोडून घेतला होता, बाबांना देत होतास तीच वेदनेची गोळी खाऊनही आठवडाभर रडत होते, आणि तूच माझं नाव ‘नाटकी’ ठेवलंस. घरभर तेच नाव झालं. चाळीशी उलटली तरी मी दुखलं तर आधी आजूबाजूला बघते आणि मग ‘आई गं’ म्हणते. आणि तू मात्र इतक्या वर्षांनी, डोकं ठिकाणावर नसताना, मला विचारतोस, हात दुखतोय का. म्हणजे तुला तेव्हा माहीत होतं की तो दुखत होता?

त्या एका वाक्यावर मी विरघळले असं समजू नकोस. मी बाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “देते.” त्यांनी विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “तुम्ही माझ्या घरी सांगणार की माझं लिव्हर चालण्यासारखं नाही. मी आयुष्यभर लिव्हरचं खरं काय ते सांगत आले. हे खोटं मला कुणाच्या तोंडून ऐकवणार नाही.” बाई हसल्या. मी विनोद केला नव्हता. मला राग आला होता, तुझा, वहिनींचा, आईचा, आणि सगळ्यांत जास्त त्या आदर्श लिव्हरचा.

मग भूल देणारे डॉक्टर आले. त्यांना मी नीट सांगितलं, अमुक गोळी मला देऊ नका, माझ्यावर ती चालत नाही. भला माणूस. वाद घातला नाही, लिहून घेतलं, आणि माझ्या खाटेच्या डोक्याशी पाटी लावायला सांगतो म्हणाले. एवढंच करायला हवं होतं. बाबांसाठीही एवढंच.

सोमवार, २४ तारीख

दादा,

बुधवारी सकाळी त्यांनी माझं अर्ध्याहून अधिक लिव्हर काढलं आणि तुला लावलं. मला अजून हसता येत नाही, खोकता येत नाही, शिंक आली की देव आठवतो. म्हणतात, उरलेलं वाढून पहिल्यासारखं होईल. तुझ्यातलंही वाढेल.

मी तिसऱ्या मजल्यावर, तू वर काचेच्या खोलीत. तुझ्या खोलीत कुणाला फारसं सोडत नाहीत. मला तर खाटेवरून उतरायचीही चोरी. तूही कोंडलेला आणि मीही. माझ्या डोक्याशी ती पाटी आहे, आणि मला जी दुसरी गोळी देतात ती चालते. दुखतं, पण सोसवतं.

आज दुपारी आई आली. खुर्चीत बसली, माझं पांघरूण सरळ केलं. तिला काहीतरी बोलायचं होतं.

“काय गं?”

“काही नाही. रिपोर्ट छान आहेत त्याचे. डोकंही ठिकाणावर आलंय, सगळ्यांना ओळखतो.”

“मग?”

“कण्हतोय गं. सलाईनमधून औषध होतं तोवर बरा होता. परवापासून गोळ्या चालू केल्यात तर डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं दुखायचं कारण नाही, घाबरलेत ते. त्यानं काय करावं? सिस्टरच्या अंगावर पाण्याचा पेला फेकला.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मला तर बाई वाटतं, थोडं नाटकच करतोय.”

दादा, मी सगळं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. तो शब्द आईच्या तोंडून तुझ्याबद्दल ऐकला आणि मला बरं वाटलं. गोड वाटलं. मी उशीवर डोकं टेकलं आणि मनात म्हटलं, घे.

मग मी विचारलं, “कुठली गोळी देतायत?”

“मला काय कळतंय? पांढरी आहे.”

सिस्टरला विचारलं. तिनं नाव सांगितलं. तीच गोळी.

त्या गोळीत स्वतःचं असं फार काही नसतं. ती लिव्हरमध्ये जाते, तिथलं एक एन्झाइम तिच्यापासून दुसरं औषध बनवतं, आणि ते दुसरं औषध दुखणं थांबवतं. ते एन्झाइम माझ्याकडे नाही. बाबांकडे नव्हतं. तुझ्याकडे होतं, बुधवार सकाळपर्यंत.

मी उठून बसायला गेले आणि टाक्यांनी मला परत आडवी केली. आई घाबरली. मी तिला म्हटलं, “आई, तो नाटक करत नाहीये.” ती म्हणाली, “बरं बरं, तू पड.” सिस्टरला सांगितलं, वरच्या डॉक्टरांना कळवा. ती म्हणाली, ते ऑपरेशनमध्ये आहेत, आणि पेशंटची औषधं वरची मंडळी बघतात, तुम्ही आराम करा. मी म्हटलं, “अहो, तो आता माझंच लिव्हर वापरतोय.” तिनं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का बघितलं.

रोज पाच-सहा जनावरांच्या कुप्या हाताळते मी. एकीतलं दुसरीत ओतलं तर आधी टोपण बदलायचं, हे झोपेतही चुकणार नाही. आणि इथं माझं लिव्हर तुझ्या पोटात घालायला निघाले, सगळ्यांना बजावून सांगितलं की ‘माझ्यावर’ ती गोळी चालत नाही, आणि तुझ्या डोक्याशी पाटी लावा हे सुचलंच नाही. डॉक्टरांनाही नाही. पण ते रोज शंभर माणसं बघतात. मी का विसरले? माझ्या डोक्यात तू दादाच राहिलास, सगळ्या गोळ्या लागू पडणारा, कधी न रडणारा. की आणखी काही होतं, ते मला माहीत नाही, आणि मघाशी जे गोड वाटलं त्यानंतर मी स्वतःची खात्री देऊ शकत नाही.

वहिनींना आज एकदा आत सोडणार आहेत. हे पत्र बाजूला ठेवते. त्यांच्याबरोबर दुसरं पाठवते.

सोमवार, दुपारी

दादा,

तुला दुखतंय ते खरं आहे.

तुला देतात ती गोळी तुझ्यावर चालणारच नाही, कारण तुझं लिव्हर आता माझं आहे आणि माझ्यावर ती चालत नाही. हे डॉक्टरांना वाचून दाखव. वहिनी, तुम्ही वाचून दाखवा. ‘माझ्या बहिणीला ही गोळी लागू पडत नाही, तिच्या खाटेवर पाटी आहे, खाली जाऊन बघा’ एवढं म्हणायचं. आधी हसतील. बघून आले की हसायचे नाहीत.

गप्प बसू नकोस. भिंतीकडे तोंड करून पडू नकोस. ओरड. आणखी एक पेला फेकावा लागला तर फेक, पण सिस्टरच्या अंगावर नको.

धाकटी

बुधवार, २६ तारीख

दादा,

सोमवारी संध्याकाळी भूल देणारे तेच डॉक्टर माझ्या खोलीत धावत आले. पाटी वाचली, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि तसेच वर गेले. नंतर येऊन माझी माफी मागितली. मी म्हटलं, “माझी कशाला?” नवी गोळी दिल्यावर तू झोपलास असं वहिनींनी सांगितलं. आईला मी सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुझा हात मोडला होता तेव्हा…” आणि बराच वेळ माझा तोच हात चोळत बसली. तो आता दुखत नाही, पण मी तिला चोळू दिला.

काल डॉक्टरांनी मला बजावलं, यापुढं तुमच्या भावाला कुठलंही औषध सुरू करायचं झालं तर तुमचं काय होतं ते आम्ही आधी विचारणार, तेव्हा फोन बंद ठेवू नका. मला वाटलं होतं, एकदा देऊन टाकलं की मोकळी होईन. तुला डोकेदुखी झाली तरी आता माझा फोन वाजणार. आईनं तर परस्पर ठरवूनच टाकलंय की मी तिच्याकडेच राहायचं, त्याच खोलीत. खिडकीचं बघू म्हणाली.

आणि आज माझी चिठ्ठी परत आली. वहिनी म्हणाल्या, “ह्यांनी मागं काहीतरी लिहिलंय, मी वाचलं नाही.” वाचलं असणार, डोळे लाल होते. तुझं अक्षर थरथरलेलं आहे, पण ओळखू येतं. एकच ओळ.

‘बाबांना इतकं दुखत होतं?’

मी सकाळपासून उत्तर लिहिते आहे. आधी लिहिलं, ‘नाही रे, त्या वयात माणसाला तेवढं जाणवत नाही.’ ते फाडलं. मग लिहिलं, ‘तू मायेनंच दिली होतीस, त्या मांजराला दिली होतीस तशी.’ ते खरं आहे, आणि तू बरा झालास की मांजराचंही सांगेन. पण तू ते विचारलेलं नाहीस. सहा वर्षं मी वाट बघत होते, तू हा प्रश्न कधीतरी विचारशील, आणि मग मी काय काय बोलेन याची. एक वाक्य तर पाठ होतं. आता ते मला नको आहे. तू ‘नाही’ ऐकायला थांबला आहेस आणि मला ‘नाही’ म्हणायचं आहे, इतकं की पोटातले टाके ओढले जातायत.

पण तुझ्या पोटात जे आहे ते माझ्याकडे बाबांकडून आलेलं आहे. मी खोटं लिहिलं तरी तुला आतून कळणार.

हो, दादा. इतकंच दुखत होतं.

उद्या मला घरी सोडतायत. जाण्याआधी व्हीलचेअरवरून वर नेतो म्हणालेत, काचेपर्यंत. तू झोपला असलास तर उठवणार नाही. जागा असलास तर नुसता बघ, बोलायला पाहिजे असं नाही. आणि पुन्हा दुखायला लागलं तर बेल दाब. कुणी नाटक म्हटलं तर माझं नाव सांग.

तुझी,
नाटकी